तार कुठे बांधायची, यावरून

अँटेना चढवायला अर्धा तास लागतो. उतरवलेल्या तारेचा गुंता सोडवायला दोन तास. त्या दोन तासांत हात अडकलेले आणि तोंड मोकळं, मग माणूस दुसरं काय करणार? आमच्याकडे किस्से साठले ते असे. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, तारेबरोबर गुंडाळले गेले.

आम्ही म्हणजे भिवंडीतले चार-पाच हॅम. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, घरात सेट ठेवायचा, गच्चीवर तार ताणायची आणि हवेतून कुठल्याही गावच्या दुसऱ्या हॅमशी बोलायचं. "मोबाईल आहे की!" असं लोक आम्हाला आजही म्हणतात. आहे ना. पण मोबाईलवर कोण उचलणार हे आधीच माहीत असतं, त्यात काय मजा?

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो. मी मागच्या खोलीत बसतो, माझ्या सेटसमोर. आमच्यात भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, अजूनही होतं. अँटेना कुठली भारी?

*

पहिली अँटेना मी दुकानाच्या गच्चीवर बांधली. डायपोल. डायपोल म्हणजे अँटेनांमधला वरणभात. वीस मीटर तार घ्यायची, मधोमध कापायची, तिथून केबल खाली सेटपर्यंत आणायची आणि तारेची दोन्ही टोकं दोरीने ताणून बांधायची. झालं!

सेट लावला. खर्रर्रर्र. बाकी काही नाही.

गल्लीच्या पलीकडे यंत्रमागाचे कारखाने. चोवीस तास लूम चालू. त्या मोटारींचा सगळा कचरा माझ्या तारेत यायचा. चार दिवस तेच ऐकलं. पाचव्या दिवशी सेट लावला तर एकदम शांत. मी म्हटलं, गेला, सेट जळला! झाकण उघडलं, स्क्रू ड्रायव्हर आत घातला, तेवढ्यात आतून एक मल्याळी माणूस स्वच्छ आवाजात बोलायला लागला. मी दचकून स्क्रू ड्रायव्हर टाकला.

शुक्रवार होता. लूम बंद.

त्याच सुमारास अन्सारीभाई दुकानात आले. पलीकडचा कारखाना त्यांचा. आले ते तावातावाने. "सुरेशभाई, ये तार आपने मेरे पाइप से बाँधी है? किससे पूछ के?"

चूक माझीच होती. पण मी उलटा चढलो. म्हटलं, "तुमच्या मोटारी माझ्या रेडिओत घुसतात, त्या कुणाला विचारून?"

ते खुर्ची ओढून बसले. "सुनाओ."

मी सेट लावला. खर्रर्रर्र. अन्सारीभाईंनी डोळे मिटले, कान पुढे केला. मला वाटलं आता भांडण पेटणार. तर ते हळूच म्हणाले, "बीच में कट-कट आ रहा है. ये तीन नंबर है." आणि उठून गेलेच. अर्ध्या तासाने हात काळे करून परत आले. तीन नंबरच्या मोटारीत ठिणग्या उडत होत्या, अजून दोन दिवसांत जळलीच असती.

त्यानंतर पाइपाचा विषय कधी निघाला नाही. दर गुरुवारी मात्र अन्सारीभाई दुकानात यायचे, खुर्ची ओढायचे आणि गाण्याची फर्माईश करावी तसं म्हणायचे, "सुरेशभाई, ज़रा मेरे लूम लगाओ!"

वर्षभरात त्यांनी परीक्षा दिली. आमच्यातला दुसरा हॅम असा झाला.

*

तिसरा दामू भोईर, जवळच्याच वळ गावचा. वळ म्हटलं की आता लोकांना गोडाऊन आठवतात, ट्रकांच्या रांगा आठवतात. तेव्हा तिथे भाताची शेतं होती आणि दामूचं घर शेताच्या कडेला. लूम नाहीत, आवाज नाही. आम्ही त्याच्याकडे एक उंच खांब रोवला आणि इन्व्हर्टेड व्ही बांधली. डायपोलचीच बहीण. मध्ये एकच खांब, आणि तारेची दोन्ही टोकं तंबूच्या दोऱ्यांसारखी खाली उतरलेली. मधला जोड अन्सारीभाईंनी केला, मागावर आडवा धागा नेणाऱ्या जुन्या लाकडी धोट्याचा.

रोज सकाळी दामू सांगलीच्या एका मित्राशी बोलायचा. दहा वाजता सिग्नल फक्कड. अकरा वाजले की एकदम पडायचा. सेटवर मीटर असतो, अँटेना पॉवर घेते की परत पाठवते ते दाखवणारा. त्याचा काटा उडी मारायचा.

आम्ही केबल बदलली. जोड बदलला. अन्सारीभाईंनी नवा धोटा आणला. तीन आठवडे! जवळजवळ रोज अकराला तेच.

शेवटी वैद्य मॅडमनी आलेख काढला. मॅडम शाळेत फिजिक्स शिकवायच्या, आमच्यात चौथ्या. त्यांच्याकडे एक लांबट वही असायची. कुठली अँटेना, किती वाजता, कुणाला किती ऐकू आली, सगळं त्यात. आलेख बघून त्या म्हणाल्या, "दामूशेठ, पाऊस पडला त्या दिवशी सिग्नल पडलेला नाही. चला, मागच्या बाजूला जाऊन बघू."

मागच्या बाजूला तारेचं टोक होतं, आणि टोकावर दामूच्या आईचं ओलं नऊवारी लुगडं. आम्ही सगळे तिला आयच म्हणायचो.

दामू ओरडला, "आये, ही दोरी न्हाय! अँटेना हाय!"

"मंग रिकामी कशाला ठेवलीय?" आय म्हणाली.

मॅडमचा चेहरा मात्र उतरला. सेट चालू असताना तारेच्या टोकाला हात लागला तर चटका बसतो. त्यांनी आयचा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली. "आय, तुम्हाला कधी काही झालं नाही ना? झिणझिण्या वगैरे?"

"येत व्हत्या की बोटांना मुंग्या," आय म्हणाली. "मी म्हटलं, वय झालं."

दामूने त्याच दिवशी दोन्ही टोकं आणखी वर चढवली आणि आयला अंगणात नवी दोरी बांधून दिली. तिने दोरीला आधी एक बोट लावून बघितलं, मगच लुगडं टाकलं.

*

साधी आडवी डायपोल चांगली की इन्व्हर्टेड व्ही? यावर मी आणि दामू सात वर्षं भांडलो. मी डायपोलचा, तो व्हीचा. मी म्हणायचो, टोकं खाली आली की अर्धी ताकद जमिनीत जाते. तो म्हणायचा, "अरे पन खांब एकच लागतो ना भाऊ! दुसरा खांब तू आननार काय?"

शेवटी मॅडम वैतागल्या. "उद्या निकाल लावू. दोन्ही अँटेना दामूशेठच्या शेतात, शेजारी शेजारी. स्विच माझ्या हातात. सांगलीला नावं सांगायची नाहीत. फक्त पहिली आणि दुसरी."

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आयने सगळ्यांना तांदळाच्या भाकरी वाढल्या. मी माईकवर सांगलीकरांना म्हटलं, "ही पहिली. आता ही दुसरी. कुठली बरी?"

सांगलीकर जुने, अनुभवी. कानाचे पक्के म्हणून त्यांचं नाव. ते म्हणाले, "काय प्रश्न आहे का हा? दुसरी! दुसरी फारच वर आहे. आवाजाला एक भरीवपणा आहे."

दामू उडालाच! कारण मॅडमनी दुसऱ्यांदा स्विचवर हात ठेवताना व्हीकडे बघितलेलं त्याला दिसलं होतं. मी म्हटलं, शक्यच नाही, मॅडमनी डायपोलकडे बघितलं. दोघंही जिंकलो म्हणून नाचायला लागलो.

मॅडमनी वही मिटली. "मी स्विच हलवलाच नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा एकच अँटेना होती."

आमचा नाच जागच्या जागी थांबला. अन्सारीभाईंनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "तो मॅडमजी, स्विच था किस पे?"

"ते वहीत लिहिलंय."

वही अजून त्यांच्याकडे आहे. अजून दाखवलेली नाही.

*

यागी अँटेना मी हौसेने केली. पडद्यांचे अॅल्युमिनियमचे पाइप कापून. माशाच्या काट्यासारखी दिसते, आणि जिकडे तोंड तिकडेच बोलते. ताकद जबरदस्त! पण त्या दिशेला वळवावी लागते. वळवायला मोटार लावतात. माझ्याकडे मोटार नव्हती, मंदा होती. माझी बायको.

ती गच्चीवर खांब धरून उभी आणि मी खाली सेटसमोर. मी खालून ओरडणार, "कल्याणकडे! अजून थोडं! जास्त झालं, मागे, धामणकर नाक्याकडे!" ती वरून ओरडणार, "अहो, नाका कुठला धरायचा? सिग्नलवाला की पानवाला?"

पंधरा दिवस चाललं. मग तिने एक दिवस खाली येऊन शांतपणे विचारलं, "ती तुमची आधीची उभी काठी होती, सायकलच्या तारा लावलेली. ती कशी चारी बाजूंना बोलायची?"

"ती ग्राउंड प्लेन. तिला वळवावं लागत नाही. पण ताकद कमी."

"माझीही कमीच आहे," ती म्हणाली आणि गेली भाजी टाकायला.

तोवर भलतंच झालं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी पोलिसात कळवलं. दुकानावर हवालदार आले. तक्रार अशी, की गच्चीवर एक यंत्र आहे, त्याचं तोंड रोज वेगळ्या घराकडे असतं, आणि एक बाई ते नेम धरून फिरवते!

मी लायसन्स काढून दाखवलं. हवालदारांनी दोन्ही बाजूंनी वाचलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. "याच्यावर कुठंपर्यंत जातं?"

"तुमचं गाव कुठलं?"

"उस्मानाबादकडचं."

यागीची ताकद जवळपासच्या गावांपुरती, तेवढं लांब ती जात नाही. मी दुसरा सेट लावला, डायपोलवर हाक दिली. नशीब असं, की त्यांच्या बाजूच्या तालुक्यातलाच एक हॅम मिळाला. हवालदारांना माईक देता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, काय विचारू?

त्यांनी टेबलावरची टोपी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाले, "पाऊस आहे का, एवढंच विचारा."

मी विचारलं. उत्तर आलं, "काल रात्रीपासून लागलाय. ओढे भरलेत."

हवालदारांनी टोपी घातली. दारात थांबून म्हणाले, "तक्रारीवर मी लिहितो, चौकशी केली, आढळले काही नाही." आणि मग, "परत कधी आलो तर चालेल का?"

बदली होईपर्यंत येत होते. मंदाला वहिनी म्हणायचे, आणि यागी वळवायला गच्चीवर जायचे!

*

जानू आमच्यात आला तो गोफणीमुळे.

दामूच्या शेतावर कामाला यायचा, डोंगरातल्या पाड्यावरून. त्या दिवशी मी आणि अन्सारीभाई चिंचेच्या शेंड्यावरून दोरी टाकायचा प्रयत्न करत होतो. मासे पकडायच्या काठीने. दीड तास. एकदा शिसं कौलांवर, एकदा विहिरीत, एकदा अन्सारीभाईंच्या टोपीवर.

जानू बांधावर बसून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "भाऊ, वरच्या बेचक्यातून काढायची ना?"

"हो."

कमरेची गोफण काढली, दगडाला दोरी बांधली, एक फेरा दिला. दगड बेचक्यातून पलीकडे, थेट तिकडे वही घेऊन उभ्या असलेल्या मॅडमच्या पायाशी.

अन्सारीभाई हातातल्या काठीकडे बघत म्हणाले, "इसको पहले क्यों नहीं बुलाया?"

जानू म्हणाला, "मी तर सकाळपासून हितंच हाय."

*

एका श्रावणात आम्ही जानूच्या पाड्यावर गेलो. रविवार होता, पावसाने उघडीप दिली होती. मी, दामू आणि जानू. मॅडम भिवंडीत त्यांच्या घरी सेट लावून बसल्या होत्या. डोंगरावर दोन अँटेना लावून बघायच्या होत्या. एक उभी तार, ऐनाच्या झाडावरून सरळ खाली सोडलेली. दुसरी नेहमीची डायपोल.

उभी तार अप्रतिम चालली. दिल्ली आली, कोलंबो आलं! डायपोलची मात्र दोरी सटकली आणि ती एवढी खाली आली की आम्ही वाकून खालून जात होतो. दामू म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आयला सांगतो, लुगडी घेऊन ये."

एकच गोष्ट खटकत होती. मॅडम सकाळपासून मिळत नव्हत्या. दिल्ली मिळते आणि भिवंडी नाही! आम्हाला वाटलं त्यांचा सेट बंद पडला.

दुपारी जानूची वहिनी सोमी शेतातून आली ती दोघींच्या आधाराने. पायाला साप चावला होता. जानूने दातांच्या खुणा बघितल्या आणि एवढंच म्हणाला, "घोणस."

आम्ही आलो ती जीप होती. पण पाड्यावरून दोन रस्ते उतरतात. एक जवळच्या आरोग्य केंद्राकडे, दुसरा पार उलट्या दिशेला, मोठ्या सरकारी दवाखान्याकडे. केंद्रात इंजेक्शन नसेल तर परत वर चढून पलीकडे उतरायचं. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. मोबाईलला तिथे रेंज नाही.

मी उभ्या तारेवर मॅडमना हाका मारल्या. पाच वेळा, सहा वेळा. काही नाही. दामूने केबल माझ्या हातातून ओढली. "ही लांबचं बोलते रं. ती खालची लाव!"

मी खालची लावली. "मॅडम, ऐकू येतंय का?"

"येतंय. एकदम स्पष्ट. सकाळपासून कुठे होता तुम्ही?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "थांबा," आणि आम्हाला त्यांच्या घरच्या फोनची बटणं वाजताना ऐकू आली. माईक दाबूनच ठेवला होता त्यांनी. "नमस्कार, सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का तुमच्याकडे?... बघून सांगा... नाही? नक्की?" मग दुसरा नंबर. दुसरीकडे होतं. "मोठ्या दवाखान्यात न्या. मी सांगून ठेवलंय, ते दारात उभे राहतील."

दामूने ती जीप कशी चालवली ते मी सांगणार नाही. मी मागे होतो, सोमीचं डोकं मांडीवर होतं, आणि जानू तिच्याशी एकसारखा बोलत होता. पाड्यावरच्या कोंबड्या, कुणाचं लग्न, काहीही. ती झोपू नये म्हणून.

वाचली. नऊ दिवस दवाखान्यात होती.

मॅडमनी नंतर वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुस्तकात होतं हे. खाली लावलेली डायपोल सरळ वर बोलते आणि आभाळावरून जवळच्या गावात परत पडते. उभी तार दूर जाते, मधल्यांना ओलांडून. ते पान मी परीक्षेपुरतं वाचलं होतं."

सोमी बरी झाल्यावर टोपलीभर करटुली घेऊन वळला आली. दामूच्या शेतातल्या तारांकडे बराच वेळ मान वर करून बघत राहिली. मग विचारलं, "ह्यातली ती कोनती?"

जानूने दाखवली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

पुढच्या वर्षी जानू परीक्षेला बसला. मॅडमनीच शिकवलं. मोर्स कोड, ती टिक-टिक, तो आमच्या सगळ्यांपेक्षा लवकर शिकला.

*

मग आय गेली. मग भावाभावांत ठरलं आणि दामूच्या शेतावर गोडाऊन आलं. आमचा खांब काढला त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. गुंता सोडवायला बसलो, पण त्या दिवशी कुणी किस्सा सांगितला नाही.

दामू वर्षभर हवेवर आलाच नाही. विचारलं की म्हणायचा, "लावायची कुठं?"

मीच त्याला गोडाऊनच्या पत्र्यावर चढवला. उभ्या अँटेनेला खाली धातू हवा असतो, जितका पसरलेला तितका चांगला. आणि इथे तर एकरांनी पत्रा! पाच मीटरची नळी उभी केली, केबल खाली सोडली. आजूबाजूला सगळीकडे छपरंच छपरं, पार वडप्यापर्यंत.

दामूने हाक दिली. पहिल्याच हाकेला ब्राझील!

तो माणूस नुसता नाचत होता. एवढा मोठा सिग्नल त्याने भारतातून कधी ऐकला नव्हता म्हणे. अँटेना कुठली, विचारलं. दामूने सांगितलं. मग तो इंग्रजीत म्हणाला, अशा अँटेनेला ग्राउंड महत्त्वाचं, तुझं ग्राउंड कसलं आहे?

दामूने माईकचं बटण सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. "काय सांगू याला? भाताचं व्हतं."

त्याने घसा साफ केला, बटण दाबलं आणि म्हणाला, "रूफ. व्हेरी बिग रूफ."

*

आता हा शेवटचा. मागच्या वर्षीचा.

अन्सारीभाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल. तारीख महिनाभर पुढची मिळाली. आम्हाला वाटलं त्या महिन्यात ते सगळ्यांशी बोलून घेतील. पण ते शुक्रवारीसुद्धा हवेवर येईनात. भेटायला जावं तर भाभी दारातूनच सांगायच्या, "अंदर हैं, काम में हैं."

ऑपरेशन झालं. ठीक झालं. आवाज गेला.

दोन महिन्यांनी आम्ही चौघे त्यांच्याकडे गेलो. कारखाना आता मुलगा बघतो आणि ते आणि भाभी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. अन्सारीभाई वाळले होते, गळ्याला रुमाल. पण डोळे तेच. आम्ही टेबलावर पाटी-पेन्सिल ठेवली, कुणीतरी आणलीच होती. त्यांनी ती बाजूला सारली.

भाभी म्हणाल्या, "लिखना इनको मंज़ूर नहीं. बोले, मतलब तब बोल सकते थे, लिख के दिखाने के लिए तुझे किचन से बुलाना पड़ेगा. बुलाऊँगा कैसे?"

मग आम्ही जे येतं तेच केलं. त्यांच्यासाठी अँटेना लावायची ठरवली. आवाज नसला तरी मोर्सवर बोलतील की!

मी म्हटलं, इथे इन्व्हर्टेड व्ही. गच्चीवर एक खांब, झालं. दामू म्हणाला, "खुळा झालास काय? उभीच लाव, टाकीवर पत्रा हाय." मॅडम म्हणाल्या, आजूबाजूला लूम आहेत, लूप म्हणजे तारेचं कडं लावा, त्यात खरखर कमी येते. जानू खिडकीतून बघून म्हणाला, एवढं कशाला, सरळ लांब तार सोडू, त्या पलीकडच्या माडापर्यंत, मी टाकतो दगड. चौथ्या मजल्यावरून? हो, मग काय! मी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली. दामूने ती खोडून दुसरी काढली. मॅडमनी दोन्हींवर फुली मारली. सात वर्षांची भांडणं परत निघाली, सांगलीकर निघाले, स्विच निघाला. दोन तास कसे गेले कळलंच नाही.

अन्सारीभाई खुर्चीत मागे रेलून होते. हातात चमचा, पुढ्यात नाश्त्याची रिकामी बशी. चमचा बशीवर वाजत होता. टक. टक टक. मध्येच काठावर लांब घासायचा. आजारी माणूस, चाळा असेल, आम्ही लक्ष दिलं नाही.

आतून भाभींनी पातेल्यावर झाकण आपटलं. टक टक. लांब. टक.

जानू एकदम गप्प झाला. मग मी. मग दामू बोलता बोलता थांबला. टक म्हणजे डॉट, घासलं की डॅश! तो महिनाभर दार लावून ते हेच करत होते. भाभींना शिकवत होते.

बशीवर परत तेच सुरू झालं. अन्सारीभाईंचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं, आम्ही गप्प झालोय हे त्यांना कळलंच नव्हतं. या वेळी आम्ही अक्षर अक्षर ऐकलं.

"ये लोग कब जाएँगे?"

आतून झाकण वाजलं. "चुप रहो. सुन लेंगे."

बशीवर उत्तर, एकदम भरभर, "इनको अँटेना के सिवा कुछ सुनाई नहीं देता."

मी छताकडे बघितलं. दामूने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. जानू खिडकीबाहेर तोंड करून खांदे हलवत होता. मॅडमनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. मग पुढे वाकून आपल्या बशीतला चमचा उचलला आणि शाळेत फळ्यावर लिहावं तसं, एकेक अक्षर सुटं सुटं, वाजवलं,

"चाय के बाद."